जिवल्या लागत नाय

४ फेब्रुवारी

आणि मला चालू म्हणण्याआधी दामूदादाने स्वतःकडे बघावं. अख्ख्या पाड्यासमोर, आईसमोर बोलला, कमावतो नि एक पैसा घरी देत नाय, लय चालू हाय तो. ठीक. मोखाड्याहून सुटलेल्या एस्टीत बसल्याबसल्या त्याचा नंबर ब्लॉक केला. आईच्या फोनवरून तोच बोलणार म्हणून आईचाही. आता बोंबला.

इथे झकास आहे. बोईसरला उतरून कुंभवली. हार्डवेअरच्या दुकानाच्या वर निमेशभाईंचं ऑफिस. एसी, फिरती खुर्ची, महिन्याचा पगार आगाऊ. आठवी नापासाला फिरती खुर्ची! दादा तिकडे भट्टीवर विटा थापतोय.

काम सोपं. कुणाचं पैशाचं ॲप, मेसेजचं ॲप बंद पडलं की लोक आमच्या साइटवर लिहितात. मराठी तक्रारी मी वाचायच्या आणि लावायचं : गाव कुठलं, बंद काय. एकट्याची ओरड धरत नाहीत. एका गावातून बऱ्याच आल्या की नकाशावर लाल ठिपका. तो हिरवा आपण करायचा नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांनीच 'चालू झालं' लिहायचं. निमेशभाईंनी हे दोनदा सांगितलं. मी काय बहिरा आहे?

७ फेब्रुवारी

लोक म्हणजे एकेक नमुने. मेसेज जात नाही तर सासरा मेल्यासारखे रडतात. एक लिहितो, व्हिडिओ लागत नाय, पोरगं जेवत नाय, लवकर चालू करा. अरे, आम्ही फक्त मोजतो, दुरुस्त कोण करतंय! पाड्यातही हेच. निघताना मीच फुशारकीने सांगितलेलं, काय बंद पडलं तर आमच्या साइटवर लिहा. त्यांना वाटतं लिहिलं की चालू होतं. अडाणी.

दुपारी तारापूरची शकूमावशी डबे आणते. सुका बोंबील झकास करते, पण तोंड बंद नाही. म्हणते, आयेला फोन केलास का रं? आमचा मानूस दर्यावर गेला का त्याचा आवाज आयकल्याबिगर आमी जेवत नाय. म्हटलं, मावशे, डबा ठेव नि सूट.

१२ फेब्रुवारी

आज तारापूरहून खोड्या. ॲपचं नाव लिहायचं तिथे लिहिलंय, शकू. 'शकू लागत नाय.' 'शकूला किती येळ लावतो, उचलत नाय.' कोळीवाड्यातली सगळी आळी लिहायला बसलेली. असलं पुसायचं असतं. मी गंमत म्हणून लावून दिलं : तारापूर. शकू. बंद. ठिपका लाल झाला.

मावशी मागेच डबे मांडत होती. दाखवायला वळलो तर डबा हातात धरून तशीच उभी. हाक मारली. ओ नाही. नाटकी बाई.

१३ फेब्रुवारी

नाटक नव्हतं.

मावशीची सून येऊन तिला घेऊन गेली. श्वास आहे, डोळे उघडे, ओ देत नाही. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. सून म्हणाली, म्हातारीचा फोन माशाच्या पाटीत भिजला होता, लागत नव्हता. म्हातारीच सांगायची ना, जिवल्याच्या हापिसात लिवलं का चालू होतं. म्हणून आमी लिवलं.

हिरवा करायला गेलो. होत नाही. सुनेला म्हटलं, तूच लिही, चालू झाली. तर म्हणे, ती ओ देत नाय तर कशी लिवू? खोटं लिवू?

ठोंब्या बायका.

१६ फेब्रुवारी

मोखाडा. 'जिवल्या लागत नाय.' खाली नाव दामू.

हसलो. पुसलं. पुन्हा आली. मग शेजारच्यांच्या. मग आईची, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. 'माझा जिवल्या बोलत नाय. चालू करा.'

पुसतोय तेवढ्या येतायत.

फोन काढला, ब्लॉक काढला. दादाला लावला. उचलला त्याने. मी बोललो. तो नुसता हॅलो, हॅलो. मग आईला म्हणाला, आवाज येत नाय. ठेवला.

१७ फेब्रुवारी

मोखाडा लाल. मी लावलेला नाही.

निमेशभाई खुर्चीशी उभे. अरे जिवल्या, सो गया क्या? — मी म्हटलं, 'नाही.' ऐकूच गेलं नाही त्यांना. खांदा हलवला माझा. दिसलं, पण जाणवलं नाही मला.

उजवा हात टेबलावर पडलाय. माझा आहे. डाव्याने लिहितो.

मेसेज जात नाहीत. पैशाचं ॲप उघडतंय. पैसे पोचले तर तिकडे त्याच्या फोनवर आवाज होतो — दादा बघेल — आणि लिहील. काय लिहायचं ते त्याला येतं. एकदा बोललाय. अख्ख्या पाड्यासमोर.

लिही ना दादा. चालू हाय तो. लिही.

सगळा पगार. बोट जड — आकडा एकेक —

दामू. रुपये नऊ हजार चार