गिरणीतली बाई वर गेली

माय, काल प्रताप नगरातल्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आपल्या देशाचा माणूस अंतराळातून खाली उतरलेला पाहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मात्र मांडीवरच राहिले. मला एकदम तू दिसलीस, पिठाच्या हातांनी रस्त्यावर पळणारी.

मी मॅट्रिक झाले तो उन्हाळा. पुढच्या महिन्यापासून मला कापड गिरणीच्या कताई खात्यात, तुझ्याच शेजारी लावायचं तू जॉबर मुकादमाशी बोलून ठेवलं होतंस. टपरीवरच्या रेडिओवर बातमी ऐकून मी धावत आले आणि दारातूनच ओरडले, "माय, गिरणीतली बाई वर गेली!" भाकर तव्यावर तशीच टाकून तू उठलीस. "कोन गेली वं? मशिनीच्या पट्ट्यात सापडली का?" मी काही सांगायच्या आत तू अनवाणी गिरणीच्या गेटाकडे निघालेली, मागे वस्तीतल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून. "मेली नाही वं माय! रशियाची हाय थे! आधी गिरणीत होती, आता यानात बसून आभायात गेली!" तू भर रस्त्यात मटकन बसलीस. शेजारची मावशी म्हणाली, "काय पोरगी हाय वं तुही, जित्या बाईले मारते!" बाकीच्या हसल्या. तू हसली नाहीस. वर पाहत एवढंच विचारलंस, "एकटीच हाय? गिरणीतली?"

मग रोज कामावरून आलीस की डबा ठेवायच्या आधी तुझा प्रश्न, "आली का खाली?" ती सुखरूप उतरली हे मी सांगितलं, तेव्हा तुझ्या केसांत कापूस तसाच होता. "मंग आता थे गिरणीत जाईन का?" "थे काहून जाईन वं?" मी हसले. तू कापूस झटकलास. "मंग तू बी नको जाऊ." इतकं मोठं काही आपल्या घरात तोवर कुणी बोललंच नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. वर्गाच्या दारात तीच मावशी उभी. "तुही माय वर गेली वं." आणि मी विचारलं, "थे खाली कधी येईन?" पोरीला धक्का बसला, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हणू दिलं. काल तो माणूस उतरला आणि माझ्या ओठांवर पुन्हा तेच आलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. मी तेव्हा पूर्ण शुद्धीवर होते, माय. खरंच विचारत होते.