पाकिटातली येळवस

नळदुर्ग,
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

चि. रेवणसिद्ध यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. सर्वप्रथम माझ्या उजव्या पायाच्या वतीनं तीव्र निषेध नोंदवतो. वेळा अमावस्येला, आपल्या येळवशीला, शेतातल्या कडब्याच्या खोपीबाहेर काढलेल्या चपलांपैकी एक तुझी आणि एक माझी घालून तू थेट पुणे गाठलंस. उरलेली विजोड जोडी घालून मी आज संस्कृतच्या तासाला गेलो. पोरं फळ्याकडं सोडून माझ्या पायांकडं बघत होती.

बाकी क्षेम. तुझी वहिनी बरी आहे. तुझ्या पुतणीची, अर्पिताची, सहामाही झाली.

आता भज्जीविषयी. राग शांत झाल्यावर लिहावं म्हणून तीन दिवस थांबलो. होत नाही, म्हणून लिहितो.

येळवशीच्या भज्जीत, बेसन लावलेल्या त्या मिसळभाजीत, शिवारातलं हिरवं पडतं: तूर, हरभरा, वाल, पावटा. आपल्यात नसेल ते शेजारच्या बांधावरून येतं. तू पुण्याहून बर्फातल्या भाजीची पाकिटं आणलीस. त्यात गाजराचे चौकोन होते, रेवण! भूमितीच्या मास्तरानं चिरल्यासारखे.

खाजाभाई दरवर्षीप्रमाणं फातिमाबींना घेऊन आपल्या खोपीत जेवायला आले. बांधापलीकडं त्यांची तूर शेंगांनी लगडलेली. पहिल्याच घासाला म्हणाले, "गुरुजी, आमच्या तुरीनं काय गुन्हा केला बा? हाक मारली असती तर पाटीभर शेंगा तोडून आणल्या असत्या की!" फातिमाबींनी त्यांना कोपरानं ढोसलं. तू हसलास. मीही हसलो, आणि त्याचाच मला संताप येतो आहे.

कारण ती तूर खाजाभाई आडतीवर नेतात आणि व्यापारी म्हणेल त्या भावानं टाकून येतात. पुढं कुठंतरी तिला घासूनपुसून चकचकीत पाकिटात भरतात, आणि हमरस्त्यावरच्या दुकानातून मी ती ऐटीत घरी आणतो. आमच्या दारावरून गेलेली तूर शंभर कोस फिरून आमच्याच डब्यात! वर वर्गात अन्नदात्याची थोरवी सांगतो. दांभिकाला संस्कृतात शब्द पुष्कळ आहेत. सगळे मला शोभतात.

आपलं शेत वाट्यानं करणारी जगदेवी त्या दिवशी जेवलीच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? नुसती अंबिल पिऊन उठली. तू गेल्यावर भांडी घासताना म्हणाली, "गुरुजी, माझ्या मायनं माकणीहून आणल्याला वाल हाय. मडक्यात राखंत घालून ठिवलाय. औंदा पेरायला जागा न्हाय मिळाली. आनिक एक साल गेलं तर उगवायचा न्हाय त्यो."

"रेवणला विचारतो," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. "तवाबी असंच म्हणला व्हता तुमी."

म्हणून आता तुला सांगायलाच हवं. ऊस लावताना 'सगळं रान धरा' असं तू म्हणालास खरा; पण बांधालगतचे दोन तास, नांगराच्या दोन ओळी, जगदेवीच्या वाल-पावट्याला सोडतात, हे तुला ठाऊकच नव्हतं. मला होतं. ट्रॅक्टर सरळ जाईल, कटकट मिटेल, म्हणून ते दोन तास मीच नांगरायला लावले. ती विचारायला आली तेव्हा तुझं नाव पुढं केलं. वर्षभर तिच्या मनात तू खलनायक आहेस, आणि मी अगतिक सज्जन.

ऊस तुटला की त्या दोन तासांत बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवायचा नाही. हे विचारत नाही, कळवतो आहे. मृगाला तिथं तिचा वाल पडेल, आणि का पडतोय हे तिला मी आधी सांगेन. खाजाभाईंना वर्षाची तूर आजच सांगून आलो. डाळ घरी भरडू. तुझ्या सोसायटीतल्या चार घरांना डाळ हवी का विचार. आणि पुढल्या येळवशीला रिकाम्या हातानं ये.

हे सगळं करता येईल. काळजी त्याची नाही.

अर्पितानं ती भज्जी दोनदा मागून घेतली. "मस्त झालीय," म्हणाली. मी तिला रागावणार होतो. पण खाजाभाई पहिल्या घासाला जे बोलले ते बोलेपर्यंत माझी एक वाटी संपली होती, आणि मला त्या भज्जीत काहीही उणं लागलं नव्हतं. रेवण, जगदेवीचा वाल उद्या उगवला, तरी तो मला चवीवरून ओळखू येईल का, हे मला खरंच माहीत नाही.

तुझा अपराधी दादा,
शिवपुत्र