एल्विराचं जहाज

आई,

घेवड्याचा भात केलाय, तुझा झाकून ठेवलाय. हॉटेलात लवकर बोलावलंय, त्यामुळे आजही आपली चुकामूक.

काल बसस्टॉपवर तुझ्या चिरूट कारखान्यातली नेरेयदा मावशी भेटली. मी म्हटलं, "काम करताना तुम्हाला वाचून दाखवणारी बाई काय रंगवून कादंबरी वाचते गं! एल्विराचं जहाज परत चुकलं म्हणे!" मावशी खो खो हसली. "अगं, ती केव्हाच संपली. एल्विरा गेलीसुद्धा जहाजात बसून. आता तंबाखूची पानं वळता वळता आम्ही खुनाची गोष्ट ऐकतो."

म्हणजे कारखान्यात ऐकलेला भाग म्हणून कॉफीच्या भांड्याखाली तू रोज जे लिहून ठेवतेस, ते तूच रचतेस होय? कधी वादळ, कधी ताप, परवा तर ट्रंकच चोरीला गेली! कमाल आहे बाई तुझी.

मी लपवून ठेवलेलं माझं जाण्याचं तिकीट तुझ्या हाती लागलंय तर.

एल्विराला या खेपेला जाऊ दे, आई. पण गोष्ट थांबवू नकोस. तिच्या मागे तिची आई वेळेवर जेवते की नाही, तेवढं मला लिहून पाठवत जा.

यामिले