क्युबिट, इशिता आणि माझा अबोला

१७ ऑक्टोबर, वसुबारस
आजपासून इशिताशी अबोला. पोरगी स्वित्झर्लंडला पीएचडी करतेय, कौतुक आहे. पण येते येते म्हणून दिवाळीला ऐनवेळी नाही म्हणायचं? म्हणे एक्सपेरिमेंट सुरू आहे. आता तिने मला फोन केल्याशिवाय बोलणार नाही. लिफ्ट आजही बंद. गुडघे गेले.

२० ऑक्टोबर
बायको, मनोरमा, स्पीकरवर इशिताशी बोलत होती. मी पेपर वाचत होतो, ऐकत नव्हतो. पोरीच्या एक्सपेरिमेंटमध्ये लांब लांब ठेवलेले दोन महाथंड फ्रिज, प्रत्येकात एक क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा इवलासा भाग. त्यांची एकदा गाठ बांधली की लांब असूनही दोघांचा मेळ राहतो. यालाच म्हणे एन्टँगलमेंट. हात्तिच्या. बाप-लेकीचं वेगळं काय असतं? मी इथे गोडदेवात घरी बसून रागावलो की तिला तिकडे आपोआप कळणारच. फोन कशाला हवा?

२४ ऑक्टोबर
पुरावा मिळाला. सकाळपासून वाटत होतं, पोरीला बरं नाही. संध्याकाळी मनोरमा म्हणाली, तिला खोकला झालाय. कालही सांगितलं होतं म्हणते. मला आठवत नाही. तिला म्हणावं हळद-दूध घे, एवढंच मनोरमाकडे बोललो. हा निरोप. बोलणं नव्हे.

२९ ऑक्टोबर
बाबांना तुझं सगळं आपोआप कळतं, असं मनोरमाने इशिताला सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, नुसत्या गाठीने निरोप जात नाही, साधा मेसेज लागतोच. एवढं शिकून हे ज्ञान.

३ नोव्हेंबर
मनोरमा रत्नागिरीकडे, बहिणीच्या गावी गेली. तिथे रेंज नाही. हरकत नाही. आमची गाठ आहे.

६ नोव्हेंबर
पाण्याचा टँकर आला नाही. गाठीकडूनही काही नाही. दुपारी छातीत धडधडलं. इशिताचा एक्सपेरिमेंट फसला असणार. किंवा सकाळची मिसळ.

९ नोव्हेंबर, दुपारी
राहवेना. खोकला गेला का, नीट जेवते का, काही कळायला मार्ग नाही. काळजी वाटते, खरं सांगायचं तर. शेवटी मीच फोन लावला. अबोला तत्त्वतः चालूच.

तिने घाबरून उचलला. पहिला प्रश्न, आईला काय झालं? काही नाही म्हटलं, तरी पुन्हा तेच. मग विचारलं, तुम्ही फोन कसा केलात?

मोठ्या मनाने म्हटलं, जाऊ दे, अबोला मीच सोडतोय.

ती म्हणाली, कसला अबोला?

दिवाळीपासूनचा, म्हटलं.

म्हणाली, मला कळलंच नाही, बाबा. तुम्ही एरवी तरी कुठे बोलता?