शोभाच्या तांबडीची अंडी

२ फेब्रु. २००१, शुक्र.
सुनंदाने अंडी धुतली. साबणाने! तांदळाच्या डब्यात टोक खाली करून पुरलेली, वर कोळशाची रेघ. रेघ म्हणजे कोंबडीखाली बसवायची, खायची नाहीत, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. आमची सूनबाई मुंबईची. तिला घाण दिसली. पुसून फ्रीजच्या दारात ओळीने उभी केली. धुतलं नि गारठलं की अंड्यात जीव धरत नाही. म्हणते, "आई, तांदळात किडे होतील."
"डोक्यात झालेत ते बघ आधी."
जेवले नाही.

३ फेब्रु.
तांबडी माझ्या शोभाची. आजारपणात माहेरी आली तेव्हा राजापूरहून यष्टीत टोपलीतून घेऊन आली. मी ओरडले, औषधं विसरलीस नि कोंबडी आणलीस? दिवाळीआधी लेक गेली. परवा तांबडीला मुंगसाने नेली. राहिली ती एवढी अंडी.

४ फेब्रु., रवि.
मनीचा फोन. शोभाची पोर, बापाकडे राजापुरात असते. दर रविवारचं तेच. "आजी, आईच्या कोंबडीला पिल्लं कधी? एक माझं हां." मी म्हटलं, अभ्यास कर.

५ फेब्रु.
शेजारच्या काशीची कोंबडी खुडूक बसलीय, उबवायला अंडी शोधतेय. मागून आणली, अंडी खाली सारली. काशी म्हणाली, "काकी, साबणाचा वास येतोय गो. पिल्लं आंघोळ करूनच यायची." हसली मेली.
सुनंदा मागल्या दारी रडत होती. "मला सांगितलं असतंत तर?"
सांगायचं म्हणजे शोभाचं नाव घ्यायचं. ते तोंडातून

१४ फेब्रु.
माजघराची दारं लावून अंडी बॅटरीवर धरली. जीव धरला तर लाल शिरा दिसतात. सगळी नितळ. एकात मात्र काळसर काही. माझे डोळे असे, म्हणून सुनंदाला हाक मारली.
"हललं का हो, आई?"
"मी तुला विचारतेय."
दोघींना कळेना. ते परत कोंबडीखाली ठेवलं. बाकीची माडाच्या बुडात पुरली. खड्डा तिने खणला. माती मी लोटली.

१८ फेब्रु., रवि.
फोनची वेळ झाली. कोंबडी अजून उठलेली नाही. सुनंदाला सांगितलं, मी उचलणार नाही, तू उचल. खोटं बोलायचं नाही. एक अंडं उबेला आहे, एवढंच सांग. पुढे पोर काय विचारेल त्याचं उत्तरही तूच द्यायचं.