जिना तेवढा राखा

४ मार्च

ती. ताईस,

बारकीचा सा. न. वि. वि. साष्टांगच धरून चाल. सायकलवरून पडून गुडघा सुजलाय, म्हणून उभ्याउभ्याच घातलाय.

फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, म्हणून कागद. तर ऐक. बाबांच्या जिन्यानं माझी लाज राखली. आमच्या बँडच्या नव्या गाण्याचा स्टुडिओत गाऊन गाऊन चोथा झाला होता. मागच्या आठवड्यात बाबांकडे गेले, तेव्हा सहज जिन्याच्या तळाशी उभं राहून तोच सूर लावला. तो गोल गोल फिरत वरच्या काचेपर्यंत गेला आणि खाली आला तेव्हा माझ्यापेक्षा बऱ्या गाणाऱ्या कुणाचा तरी वाटला. मग सगळ्यांना बोलावून गाणं तिथंच रेकॉर्ड केलं. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्या झोपल्या होत्या. त्या दार उघडून आमचा गळा धरायलाच आल्या होत्या, पण मग पायरीवर बसूनच राहिल्या.

ते मी इंटरनेटवरच्या आमच्या पानावर टाकलं. पान म्हणजे तेच गं, ज्याला तू रिकामटेकड्यांचा कॅटलॉग म्हणतेस. नवे बँड, विचित्र इमारती, बसता येणार नाही अशा खुर्च्या. खाली चार ओळी लिहिल्या की हा जिना माझ्या वडिलांनी आखला, ते ड्राफ्ट्समन होते, आणि अजून त्याच जिन्याला लागून दोन खोल्यांत भाड्यानं राहतात.

ताई, लोक वेडे झालेत. रोज कुणी ना कुणी येतं. केशरी कठड्याशी उभं राहून फोटो काढतात, वर तोंड करून आ करतात. बाबा दार सताड उघडं टाकून बसतात आणि येईल त्याला पायरीची उंची समजावतात. परवा एका मुलीनं त्यांची सही मागितली. त्यांनी नकाशाखाली करतात तशी तारखेसकट केली.

तुझे टोमणे येऊ देत. लोभ आहेच, तो जरा उतू जाऊ दे ही विनंती.

तुझी,
बारकी

१९ मार्च

चि. बारकीस,

अ. उ. आ. आणि गुडघ्याला शेक.

टोमणा नंतर मारते, आधी खरं सांगते. आई गेल्यापासून बाबा घरात फक्त गळक्या नळाशी बोलत होते. आता ते इस्त्रीचा शर्ट घालतात, दोन्ही वेळा जेवतात आणि मला स्वतःहून फोन करून आज किती आले ते सांगतात. त्यासाठी तुझ्या कॅटलॉगला माझ्याकडून शंभर गुन्हे माफ.

पण बाकीच्यांचं ऐक. नर्सबाईंची झोप गेलीय. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या गिऱ्हाइकांना जिन्यात वाट काढावी लागते, तो म्हणतो की कपडे शिवू की रांग आवरू. आणि एक गोल चष्मेवाला तीनदा येऊन गेला. हॉटेल कंपनीचा आहे. छोटी, देखणी हॉटेलं काढतात. तुझं पान वाचूनच आला, गाणं त्याला पाठ आहे. त्याला अख्खी इमारत हवीय. मालक तर एका पायावर तयार आहे, पण भाडेकरूंची संमती लागते.

मी बाबांना सांगितलं, मला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका. ते हो म्हणाले. फार पटकन म्हणाले, म्हणून काळजी वाटते.

इकडे ऑफिसात मी अजून बाथरूमच आखतेय. गिऱ्हाइकाला काळं बेसिन हवंय आणि त्यावर डाग दिसायला नकोत. मी काय करणार, आखतेय.

पत्राला उत्तर दे. माया आहे म्हणूनच हे कटकट करणं, ते गोड मानून घे.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी पूर्ण, अगदी कपाळ टेकवून.

आमची गाडी गावोगाव फिरतेय. ड्रमच्या पेटीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर समजून घे. तू उगाच जीव जाळतेस. बाबा आणि तिथून जातील? साखरपुडा मोडेल एवढा उशीर त्यांनी त्या जिन्यापायी केला होता, हे आईच सांगायची. चष्मेवाल्याला ते चहा पाजतील, पायऱ्यांवर व्याख्यान देतील आणि तो बिचारा कंटाळून जाईल.

घाईत आहे, तरी प्रेमात काटछाट नाही.

तुझी,
बारकी

२१ एप्रिल

बारकी,

आशीर्वाद आहेतच. अ. उ. लिहायला हात वळत नाही.

बाबांनी सही केली.

चष्मेवाला मसुदा घेऊन घरोघर गेला आणि प्रत्येकाला म्हणाला, तुमची अट सांगा, करारात घालतो. नर्सबाईंनी हॉस्पिटलजवळ दोन खोल्या मागितल्या, त्यांना मिळतायत. शिंप्यानं रस्त्याला लागून दुकान आणि वर राहायला जागा मागितली, त्यालाही मिळतेय. मग बाबांची पाळी. बाबांनी सांगितलं, कठडा उंच करायचा नाही. मोझॅकच्या पायऱ्या घासून चकचकीत करायच्या नाहीत. वरची काच झाकायची नाही. वळणावर कुंड्या नकोत, माणूस धडकतो. गालिचा तर बिलकूल नको, आवाज मरतो. त्यानं एकेक लिहून घेतलं, कशालाच नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी टाइप करून आणलं. बाबांनी चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला, कठड्याचं एक माप चुकलं होतं ते दुरुस्त केलं, शेजारी बारीक सही केली, आणि खाली मोठी.

मी विचारलं, बाबा, तुमच्यासाठी काय मागितलंत? म्हणाले, “हे सगळं माझ्यासाठीच मागितलं की.”

कुठं राहायचं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही गं. जिना राहतोय म्हणजे आपण राहतोय, असं त्यांनी धरूनच टाकलं. दुसऱ्या कुणाच्या बापाकडून हे झालं नसतं. पण आपण तरी कोण लागून गेलोय? मी हे घर खिडकीवर भाळून घेतलं आणि इथं कपडे वाळत घालायला जागा नाही. तू सायकल घेतलीस ती हँडलचा आकार बघून, ब्रेक बघून नाही.

मी कुणावर ओरडू ते सांग. त्यांच्यावर ओरडायला गेले तर त्यांनी मला अटींची प्रत दाखवली, मार्कशीट दाखवावी तशी.

ये, नाहीतर काहीतरी कर. कळावे, एवढंच म्हणवतंय.

ताई

१५ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घालायला तोंड नाही, तरी घालते.

जे जे सुचलं ते केलं. आमच्या ड्रमरची आत्या वकील आहे, तिला करार दाखवला. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला न समजावता सही घेतली असती तर भांडता आलं असतं. पण यांनी माप दुरुस्त केलंय. म्हणजे नीट वाचलं, समजलं, विचार करून सही केली. ती दुरुस्तीच आपल्या विरुद्धचा पुरावा आहे. तिनं कागद परत देताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. वकिलानं खांद्यावर हात ठेवला की समजावं.

मग चष्मेवाल्याकडे गेले. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तो माणूस भांडण्यासारखा नाहीच. त्याच्या खोलीत आपलंच गाणं चालू होतं. म्हणाला, बाबांनी खोली मागितली असती तर नक्की दिली असती, मला वाटलं की ते मुलीकडे राहायला जाणार असतील. आता सगळ्या खोल्यांचे आराखडे मंजूर झालेत, त्याच्या हातात काही नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं मला पाणी दिलं. ताई, तो जरा तरी हरामखोर असायला हवा होता.

मग पानावरून जिना काढून टाकला. तोवर तो पन्नास पानांवर गेला होता. म्हणून चिडून मोठा लेख लिहिला, की ज्याच्या हातून हा जिना घडला त्यालाच तुम्ही बाहेर काढताय. लोकांनी हळहळून तो इतका पसरवला की हॉटेल उघडायच्या आधीच बुकिंग संपलं. माझ्या शिव्यांची त्यांना जाहिरात झाली. आता मी गप्प बसते, गप्प बसण्याची तरी कुणी जाहिरात करणार नाही.

पुढच्या रविवारी सामान हलवायला येते. तेवढंच येतं मला.

रागाव, पण तोडू नकोस.

बारकी

११ ऑगस्ट

चि. बारकीस,

अ. उ. आ.

तोडत नाही. तोडून जाशील कुठं, आणि मी तरी.

बाबा माझ्याकडे रुळलेत असं ते म्हणतात. पहाटे बाथरूमला जायला उठतात आणि डावीकडे वळतात, कारण तिकडे बाथरूम डावीकडे होतं. इथं डावीकडे कपाट आहे. कपाटासमोर थोडा वेळ उभे राहतात, मग उजवीकडे जातात. रोज. मी अंथरुणात पडून ऐकते. उठून हात धरावा तर त्यांना समजेल की मला समजलंय.

आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. जिना आहे, पण तो आगीसाठी, लोखंडी दरवाज्याच्या मागे. बाबांनी एकदा तो दरवाजा उघडून पाहिला आणि हळूच लावून घेतला. तक्रार करतील तर मी काहीतरी करीन, पण ते करतच नाहीत. भाजी छान झालीय म्हणतात. मी तुलाही दोष देऊन पाहिला, दोन दिवससुद्धा टिकला नाही. त्या चार ओळी तू लिहिल्या नसत्यास तर त्यांच्या दारात कुणी आलंच नसतं, हेही खरंच ना.

हॉटेल पुढच्या महिन्यात उघडतंय. आमंत्रण आलंय. ते आत्तापासून शर्ट निवडतायत.

वेळ काढून लिहीत जा. लिहिलंस की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

तुझी,
ताई

२७ सप्टेंबर

चि. बारकीस,

बाबांचे अ. उ. आ., वर एक जास्तीचा.

तुझा कार्यक्रम असल्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हॉटेल पाहून आलो. ताई सोबत होती. त्या लोकांनी शब्द पाळला. कठड्याला हात लावलेला नाही. पायऱ्यांवरचे जुने ओरखडेही तसेच ठेवलेत. वरची काच मात्र धुतली आहे, त्यामुळे उजेड पूर्वीपेक्षा चांगला पडतो.

आपल्या दोन खोल्यांची एक केली आहे. शेगडी होती तिथं आता टब आहे. टबाची जागा चुकली आहे, पाणी खिडकीवर उडणार. मी रिसेप्शनवरच्या बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आत एक तरुण जोडपं उतरलं होतं. त्यांनी दारातून पाहू दिलं, फार सभ्य मुलं. मुलीनं विचारलं, इथं पहिल्यांदाच आलात का? मी म्हटलं, नाही. ताई तेवढ्यात बाहेर निघून गेली.

मग चष्मेवाल्यांनी आम्हा दोघांना खाली नेलं आणि जिन्याच्या तळाशी भिंतीवर लावलेली पाटी दाखवली. पितळी आहे. माझं पूर्ण नाव, खाली जिन्याचे रचनाकार. अक्षरं नीट कोरलेली, छापलेली नव्हेत. डिंकानं चिकटवलेली नाही, चारही कोपऱ्यांना स्क्रू आहेत. मी नख घालून हलवून पाहिली, हलत नाही. ताईला म्हटलं, “बघ, आता इथून मला कुणी काढू शकत नाही.”

तर ती सगळ्यांसमोर रडायला लागली. मी पाणी मागवलं, पाठीवर हात फिरवला, पण थांबेना. आज दोन दिवस झाले, तरी माझ्याशी धड बोलत नाही. माझं काय चुकलं ते मला उमगत नाही. तू तिला विचारून मला कळव.

लोभ आहे तेवढा पुरे आहे, पण भेटायला ये.

तुझे,
बाबा