गळ्याची लोकर

बा, तुझा मेंढा गेला. सरळच सांगते, कारण हे सांगायला जिवंत माणसांत मला कोणी सुचत नाही.

तू गेल्यावर इकडे सगळ्यांनी मांसासाठी उंच, लांब कानांचे मेंढे आणले. आपली काळी, गुडघ्याएवढी, लोकरीची मेंढरं आता फक्त आपल्याच मेंढवाड्यात उरलीत. "थे मांजरं काऊन पोसतं वो बाई?" म्हणून लोक चिडवतात. चिडवोत बापडे. धान निघालं की हेच लोक, खत होईल, कळप आमच्या शेतात बसव, म्हणून दारात येतात. पण हा वाण पुढे न्यायचा तर नर आपलाच हवा, आणि तसा एकच उरला होता. बाकीचे नर खच्ची केलेले, विकायचे.

कातरणीत कळपाच्या मेंढ्याच्या गळ्याची लोकर तू कधी कापू दिली नाहीस. तो दुरून ओळखू यावा म्हणून. लहानपणी मी विचारलं, तर मायकडे बोट दाखवून म्हणालास, "तिले विचार. तिनंच शिकवलं मले."

आज कातरणी होती. मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी कातर ती कुणाच्या हाती देत नाही. मी मेंढरं धरून द्यायची, तिनं चाचपत कातरायचं. शेवटची काही राहिली तेव्हा मी चहा ठेवायला गेले. तेवढ्यात व्यापाऱ्याची गाडी आली. मी चुलीपासूनच ओरडले, "गळ्याले लोकर नाई थे सारे नर घेऊन जा, भाऊ!"

गाडी गेल्यावर लोकर पोत्यात भरताना हाताला एक लांब, कुरळा, टोकाशी तांबूस झालेला झुपका लागला. इतकी लांब लोकर आपल्या कळपात एकाच गळ्यावर होती. तशीच दुचाकी काढून चामोर्शीच्या बाजारात पोचले, तर काळं कातडं मीठ लावून पसरलेलं. "खच्ची न केलेला ना? थोच पयले कापला, बाई. चांगला भरला होता," खाटीक म्हणाला. बा, मला रडूही येईना. पिढ्यान्‌पिढ्यांचा वाण असा भरदुपारी, चहा उकळेपर्यंत संपतो?

घरी आले तर माय मेंढवाड्यात वाकून एकेकाच्या गळ्याखाली हात घालत होती.

"आपला मेंढा सापडून नाई राह्यला," ती म्हणाली. "कोणाच्याच गळ्याले लोकर नाई. काऊन?"

ती लोकर आपणच कातरली, हे तिला आठवतच नव्हतं. जिनं तुला शिकवलं, तिला. मेंढ्याचं कातडं बघून बसला नव्हता एवढा धक्का मला तिथे बसला. मी म्हणाले, "मीच कातरली, माय. तू पाणी प्याले उठली तवा, चुकून. थो गाडीत गेला."

"बापाचं नाव बुडवलं तुनं," एवढंच बोलली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. एखादी मेंढी त्याच्यापासून गाभण असेल आणि तिला नर झाला, तरच कळप टिकेल. उद्या जनावरांच्या डॉक्टरला बोलावते.

हा कागद लिहून झाला की चुलीत घालीन. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. पण खरं सांगू, आज संध्याकाळी तिनं मला नुसतं "जेवली का?" म्हणून विचारलं असतं ना, तर मी सगळं तिच्या पदरात टाकून मोकळी झाले असते.